खालच्या रांगेतले सहा पिंजरे

ही गोष्ट चौदा वर्षं माझ्याजवळ आहे आणि अजून तिला दुसरा कान मिळालेला नाही. आई होती तेव्हा तिला सांगितली नाही, हॉस्टेलमधल्या मुलींना नाही, आज ज्यांच्याबरोबर स्टाफरूममध्ये चहा पिते त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून – की आणखी काही कारण आहे? मला नक्की माहीत नाही. एवढं खरं, की लिहायला बसले आणि उठून चहा केला. परत बसले आणि उठून कपाट आवरलं. आता तिसऱ्यांदा उठावं असं घरात काही उरलेलं नाही.

मी नाशिकला एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. वर्गात माझी टकळी चालू असते, मुलांना माझ्या टोमण्यांची सवय झाली आहे, काहींना ते आवडतातही म्हणे. घरी मी एकटी. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवार सकाळपर्यंत मी बोलते ती भाजीवालीशी आणि लिफ्टमध्ये भेटलंच तर कुणाशी तरी, पावसापाण्याबद्दल. मी स्वतःला सांगत आले की हे त्या गोष्टीमुळे – कुणी जवळ आलं असतं तर कधी ना कधी त्याला सांगावं लागलं असतं, म्हणून कुणाला जवळ येऊच दिलं नाही. ऐकायला बरं वाटतं. पण कदाचित मी मुळातच घुमी असेन आणि उगाच गोष्टीच्या माथी मारत असेन.

असो. उंदरांपासून सुरुवात करते.

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या संशोधनाचा विषय होता भूक. कळवणहून आलेली मुलगी नाशिकला जाऊन काय शिकते, तर उंदरांना भूक का लागते – मामेभावंडांनी यावर केलेले विनोद तुम्ही कल्पनेने करून घ्या. पण विषय मला मनापासून आवडला होता. आपल्या शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू तयार होतो. काही क्षणच टिकतो, पण तेवढ्यात एका पेशीचा निरोप दुसरीला देऊन जातो. भुकेच्या कामातही त्याचा हात असतो. हा वायू तयारच होऊ नये असं एक औषध आहे. ते उपाशी उंदराला टोचलं, की समोर खाणं असूनही तो नेहमीपेक्षा कमी खातो. का कमी खातो? एक उत्तर सेरोटोनिनकडे बोट दाखवतं. सेरोटोनिन हा मेंदूतला दुसरा निरोप्या, आणि त्याचा एक निरोप असा की, पुरे, पोट भरलं. वायू अडवला की सेरोटोनिनचं काम वाढतं आणि पोट रिकामं असूनही भरल्यासारखं वाटतं, असा अंदाज. मग सेरोटोनिनलाही आधीच अडवून ठेवलं तर भूक परत येईल का? माझा प्रश्न एवढाच होता.

त्यासाठी चोवीस पांढरे उंदीर. प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा. एका लोखंडी मांडणीवर चार रांगा, रांगेत सहा पिंजरे. एका रांगेला वायू अडवणारं औषध, एकीला सेरोटोनिन अडवणारं, एकीला दोन्ही. आणि सगळ्यांत खालच्या, जमिनीलगतच्या रांगेला नुसतं सलाइन – म्हणजे मिठाचं पाणी. या रांगेला औषध नाही म्हणून ती बिनमहत्त्वाची असं समजू नका. सगळा प्रयोग तिच्यावर उभा असतो. खरंखुरं उपाशी जनावर किती खातं हे तीच सांगणार. ती बिघडली तर बाकी तिघींच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

पद्धत साधी. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पिंजऱ्यातल्या खाद्याच्या गोळ्या काढून घ्यायच्या, पाणी तेवढं ठेवायचं. उंदीर खातो तो मुख्यतः रात्री, म्हणून रात्रीचा उपास. सकाळी इंजेक्शन, मग वजन करून गोळ्या द्यायच्या आणि दर काही वेळाने उरलेल्या गोळ्या तोलायच्या. जाळीखाली कागद असतो, त्यावर सांडलेला चुराही तोलायचा, कारण उंदीर खातो त्याच्यापेक्षा सांडतो जास्त. उपाशी पिंजऱ्याला आम्ही लाल चिठ्ठी अडकवत असू. लाल चिठ्ठी दिसली की कुणी हात लावायचा नाही.

हा नियम ज्यांना सगळ्यांत आधी सांगितला, ते भिकामामा.

आमच्याकडे कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणतात, तसे हे अ‍ॅनिमल हाऊसचे, म्हणजे प्रयोगाची जनावरं ठेवायच्या इमारतीचे, मामा. दिंडोरीच्या अलीकडचं गाव, तिथून सकाळच्या गाडीने आठला यायचे, संध्याकाळी सहाला कुलूप लावून जायचे. पिंजरे धुणं, तूस बदलणं, बाटल्या भरणं ही त्यांची कामं. पन्नाशीच्या पुढचे, किरकोळ, पांढरी टोपी, आणि हात असे हलके की त्यांनी उचललेला उंदीर कधी चावलाच नाही. मला उंदीर शेपटीला धरायला शिकवलं ते माझ्या मार्गदर्शक सरांनी नाही, मामांनी.

नाशिकमध्ये मला रोज "जेवल्या का ताई?" असं विचारणारं तेवढंच एक माणूस होतं. हॉस्टेलमध्ये आम्ही एका मजल्यावर बारा जणी, पण त्या अकरा जणींची कॉलेजं, बोलणं, कपडे सगळं एक, आणि मी बारावी. वाईट वागत नसत. माझं असणं त्यांच्या लक्षात येत नसे, इतकंच. मेसमध्ये मी ताट घेऊन कुठल्या तरी टोकाला बसायची आणि चार घास गिळून उठायची. भुकेवर संशोधन करणाऱ्या मुलीचं त्या वर्षी सात किलो वजन उतरलं, हे आता आठवलं की हसू येतं. तेव्हा नव्हतं येत. संध्याकाळी आईचा फोन यायचा, जेवलीस का, आणि मी सांगायची, हो, आज भरलं वांगं होतं.

दुपारी मात्र मी अ‍ॅनिमल हाऊसच्या मागच्या ओट्यावर मामांबरोबर बसायची. बाजरीची भाकरी, मिरचीचा खुडा म्हणजे ठेचा, कधी मेथी. अर्धी भाकरी माझी, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मामींनाही सांगितलं असावं, कारण पुढे पुढे डब्यात एक भाकरी जास्त येऊ लागली. मी फार बोलत नसे, तेच बोलत. माझ्या प्रयोगावर त्यांचं मत काही बरं नव्हतं. एकदा म्हणाले, "मुक्या जिवाला उपाशी ठिवायचं, अन् मंग मोजायचं किती खाल्लं. लय अवघड शिक्षण हाय ताई तुमचं." बोलण्यात राग नव्हता, गंमतच जास्त.

जेवायच्या आधी मामा पहिला घास बाजूला काढून ठेवायचे. गावाकडे तो गाईला जायचा. इथे गाय कुठली? तर अ‍ॅनिमल हाऊसच्या आतल्या खोलीत काही म्हातारे उंदीर होते, पिल्लं काढण्याच्या कामातून सुटलेले, कुठल्याच प्रयोगात नसलेले. मामा त्यांना पेन्शनर म्हणत. रोजचा पहिला घास पेन्शनरांना. हे नियमात बसत नव्हतं, अगदी घास तेवढा असला तरी. पण मामांनी ते मला विश्वासाने दाखवलं होतं, हळूच, ओठांवर बोट ठेवून. मी हसले होते. आणि लगेच, शिकलेल्या माणसाला साजेल अशा आवाजात, दमही दिला होता – मामा, लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्याजवळ चुकूनसुद्धा जायचं नाही, माझं वर्ष जाईल. ते म्हणाले होते, "नाय ताई, तिकडं बघत बी नाय मी." आणि खरंच ते बघत नसत.

आता त्या संध्याकाळकडे येते. येते म्हणते, पण मघापासून तिच्याभोवती फिरतेच आहे ना?

प्रयोगाचा आदला दिवस. शनिवारी सरांसमोर माझं सादरीकरण होतं, म्हणून प्रयोग गुरुवारी, आणि बुधवारी संध्याकाळी गोळ्या काढायच्या. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून चोवीसही लाल चिठ्ठ्या मी आधीच अडकवून टाकल्या. पाचला आले की नुसत्या गोळ्या काढायच्या, असा हिशेब. इथेच पहिली चूक. चिठ्ठी शेवटी लावायची असते, गोळ्या काढल्यावर. हे मला पाठ होतं.

साडेचारला हॉस्टेलमधून एकीचा फोन आला. आम्ही सगळ्या कॉलेज रोडला पाणीपुरी खायला जातोय, मग गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, येतेस का?

मला. म्हणजे मलाच फोन लावून विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा. तुम्हाला हे किती क्षुल्लक वाटेल ते मला कळतं. पण मी तेव्हा आरशात बघून केस सारखे केले – अ‍ॅनिमल हाऊसच्या हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशात. पावणेपाचलाच गोळ्या काढायला घेतल्या. वरची रांग, दुसरी, तिसरी. चौथीसाठी खाली बसावं लागतं. तेवढ्यात गेटवर स्कूटरचा हॉर्न वाजला, परत फोन वाजला, कुठे आहेस, आम्ही थांबलोय. मी "आले आले" म्हणत गोळ्यांची बादली कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, मामांना "येते हो" म्हटलं आणि पळाले.

पाणीपुरी तिखट होती. गंगेवर वारा होता. मी खूप हसले, गरजेपेक्षा जास्त मोठ्याने. त्या मुलींनी पुढे मला कधी बोलावलं नाही, आणि आज त्यांच्यातल्या दोघींची नावंसुद्धा मला आठवत नाहीत.

सकाळी सातला वॉचमनकडून किल्ली घेऊन गेले. मामा यायला तास होता. खाली बसले तेव्हा दिसलं. सहाही पिंजऱ्यांत गोळ्या, अर्ध्याहून जास्त संपलेल्या, खाली कागदावर चुरा, आणि पोटभर जेवलेले सहा उंदीर कोपऱ्यात अंग मुडपून झोपलेले. पिंजऱ्यावर लाल चिठ्ठ्या. मामांनी आदल्या संध्याकाळी त्या चिठ्ठ्या पाहिल्या असणार आणि मान फिरवली असणार, मीच सांगितल्याप्रमाणे.

काय करायला हवं होतं ते कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारा. प्रयोग थांबवायचा, सरांना सांगायचं, आठवडाभराने परत करायचा. सर ओरडले असते. शनिवारचं सादरीकरण पुढे गेलं असतं. बस्. याच्यापलीकडे काहीही झालं नसतं, हे मला त्याही क्षणी माहीत होतं. पण सरांनी विचारलं असतं, कुठे होतीस पाच वाजता? आणि मी म्हणाले असते, पाणीपुरी खायला गेले होते सर. ते वाक्य मला तोंडातून काढता येईना. मी गोळ्या काढल्या. कागदावरचा चुरा झटकून एका पिशवीत भरला, पिशवी सॅकमध्ये टाकली. रजिस्टरमध्ये लिहिलं, सर्व चोवीस रात्रभर उपाशी. सही केली. आणि साडेनऊला प्रयोग सुरू केला.

सलाइनच्या रांगेने गोळ्यांना तोंड लावलं नाही म्हटलं तरी चालेल. मामा बाटल्या भरायला आले, वाकून बघितलं आणि म्हणाले की आज ह्यांना भूक नाही का. मी म्हटलं, बघू.

शुक्रवारी सरांनी आलेख पाहिला. सर कडक होते पण दुष्ट नव्हते, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर राग काढाल. त्यांना वाटलं सिरिंज बदलल्या. नाही म्हटलं. औषध चुकलं? नाही. मग त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांना कळलं. चांगले शिक्षक होते ते. म्हणाले, या सहांनी रात्री खाल्लंय. शेवटी कोण होतं तिथे?

शेवटी कोण होतं – या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. कुलूप मामा लावतात. मी तेवढंच म्हणाले असते तरी एक वेळ... नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी तो नीचपणाच होता. पण मी थांबलेही नाही. मी म्हणाले, "सर, मामा जेवताना पहिला घास काढून उंदरांना टाकतात."

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. या वाक्याकडे मी चौदा वर्षं बघते आहे आणि मला अजून त्यात खोटं सापडलेलं नाही. मामांनी विश्वासाने दाखवलेली खरी गोष्ट मी उचलली आणि योग्य जागी ठेवून दिली. आवाजही अगदी चांगला होता माझा – जरा काळजीचा, जरा नाइलाजाचा. मामांना सांभाळून घेतल्यासारखा.

मामांना बोलावलं. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. सरांनी विचारलं, भाकरी टाकता का तुम्ही उंदरांना? मामा म्हणाले, टाकतो. खोटं बोलायचं त्यांना सुचलंही नाही. मग म्हणाले, "पण म्हाताऱ्यांना टाकतो सर. ताईंना ठावं हाय."

आणि माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलावरच्या आलेखाकडे बघत होते. सलाइनचा बुटका खांब, त्याच्या शेजारी बाकीचे तीन. मी त्या खांबांवरून डोळे उचलले नाहीत. किती वेळ? चार-पाच सेकंद असतील. सरांना तेवढे पुरले. ते म्हणाले, ठीक आहे, जा.

त्याच दिवशी मामांकडून अ‍ॅनिमल हाऊसची किल्ली काढून घेतली. त्यांना बागेच्या कामाला लावलं. दोन आठवड्यांनी मी नव्या उंदरांवर प्रयोग परत केला, या वेळी खालच्या रांगेपासून सुरुवात केली, आणि सगळं जिथल्या तिथे आलं. वायू अडवल्यावर उंदीर कमी खायला लागले, सेरोटोनिन आधी अडवलं तेव्हा भूक बरीचशी परत आली. सर खूश. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी ज्यांचे आभार मानले त्यांत मामांचं नाव नव्हतं. टाकायचं म्हणून एकदा टाइप केलं होतं. मग वाटलं, सरांना विचित्र वाटेल.

तुम्ही म्हणाल, इथे संपलं. एवढंच होतं तर इतकी वर्षं कशाला धरून बसलीस? मलाही तसंच वाटायचं, की माझा गुन्हा म्हणजे ते वाक्य आणि ते चार-पाच सेकंद. पण नाही. थांबा थोडं.

महिनाभराने मामा बागेत पाइप धरून उभे होते. मी रोज लांबच्या रस्त्याने जायची, त्या दिवशी उशीर झाला म्हणून बागेतून निघाले. त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता विचारतील. आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं – असं मी म्हणते, त्याला पुरावा काही नाही. पण मामा पाइप खाली ठेवून जवळ आले आणि म्हणाले, "ताई, माझ्याच हातून झालं आसंल. मी लय इचार केला. म्हाताऱ्यांचं खाणं भरायच्या नादात खालच्यांना बी टाकलं आसंल. आता ध्यानात ऱ्हात नाय. तुमचं काम वाया गेलं माझ्यापायी."

मला हसू येईल का रडू, कळेना. या माणसाने महिनाभर शोध घेतला होता. चुकीचं उत्तर सापडलं होतं, आणि ते घेऊन तो माझ्याकडे आला होता.

मी काय केलं? मी त्यांना माफ केलं. हो. म्हटलं, असू द्या मामा, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी हात जोडले. मी पुढे निघाले आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, मला हलकं वाटलं. त्या दिवशी मेसमध्ये मी पोटभर जेवले.

मामा ठेक्यावरचे कामगार; पुढच्या जूनमध्ये ठेकेदाराच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. उंदरांमुळे, की वयामुळे, की कशामुळे, कुणाला ठाऊक. मी चौकशी केली नाही.

मग वर्षं गेली. मला नोकरी लागली. आई गेली. मी आता एका अ‍ॅनिमल हाऊसची प्रमुख आहे, मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की गोळ्या खालच्या रांगेपासून काढा आणि चिठ्ठी शेवटी लावा. मुलं म्हणतात, मॅडम फार बारकाईने शिकवतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी अकराच्या सुमारास, मी द्वारकेला, म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकात, उभी होते. रिक्षा मिळत नव्हती. एस.टी.ची वाट बघणाऱ्यांच्या गर्दीतून कुणीतरी ताई म्हणून हाक मारली. मामा. पार वाळलेले, पण टोपी तीच, चेहरा तोच. शेजारी मामी. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते, त्यांच्या भाकऱ्या मात्र दीड वर्ष खाल्ल्या होत्या. मनमाडला लेकीकडे निघाले होते. मामांना इतका आनंद झाला की त्यांना काय बोलू आणि काय नको असं झालं. मामींना म्हणाले, "ह्याच त्या ताई. दुसरं कुणी आसतं तर पोलिसात दिलं आसतं मला. ह्यांनी एक शब्द वावगा बोलला नाय." मग मनमाडची गाडी आली का ते बघायला पुढे गेले.

मामी माझ्याकडे बघत होत्या. हसत नव्हत्या. बाईच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं. त्यांनी सांगितलं की मामा तेव्हापासून बदलले. घराचं कुलूप तीनतीनदा ओढून बघतात. अर्ध्या वाटेतून परत येतात, गॅस बंद केला का म्हणून. नातवाला कडेवर घेत नाहीत, म्हणतात माझ्या हाताचा भरवसा नाही. गावात कुणाची गाय राखायला दिली तर नको म्हणतात. मी मान हलवत ऐकत होते. समोरून ट्रक जात होते, मध्येच बोलणं ऐकू येत नव्हतं, मामी थांबायच्या आणि ट्रक गेला की पुन्हा तिथूनच सुरू करायच्या.

मग त्या जवळ सरकल्या. म्हणाल्या, "ताई, एक इचारू? मला ते कधी पटलंच नाय. चाळीस वर्सं संसार केला ह्यांच्यासंगं, ज्याला हात लावू नको म्हनलं त्याला ह्या माणसानं कधी हात लावला नाय. मी सगळ्यांशी भांडले. ह्यांच्याशी बी भांडले. तुम्ही तिथं व्हत्या. खरंच ह्यांच्या हातून झालं का?"

सर निवृत्त होऊन गाव सोडून गेले होते. माझी पदवी, माझी नोकरी, कशालाही आता कुणी हात लावणार नव्हतं. त्या सकाळचं ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल. मला भ्यायला काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. आणि या बाईने मला वाक्यसुद्धा तयार करून दिलं होतं, मी फक्त "नाही" म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "हो मामी."

चांगलं स्पष्ट म्हणाले. ट्रक वगैरे काही नव्हता मध्ये.

मामींनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, मग मीच उगा इतकी वर्षं त्या सरांना तळतळाट दिले. आणि वळून मामांकडे बघितलं – ते गर्दीत एका कंडक्टरला काहीतरी विचारत होते, एकदा विचारून झालं तरी परत विचारत होते – त्या बघण्यात पहिल्यांदाच दया होती. मघाशी नव्हती. मघापर्यंत ती बाई नवऱ्याकडे बरोबरीने बघत होती.

गाडी आली. मामा चढताना मामींनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, म्हणाल्या, द्या इकडं, तुम्ही सांडाल. त्यांनी देऊन टाकली.

भिकामामांनी काही केलेलं नाही, असं मानणारं जगात एक माणूस होतं. द्वारकेला, भर सकाळी, मला कुणाचीही भीती नसताना, मी तेही त्यांच्यापासून काढून घेतलं.